टमाट्यांचा पहिला वेचा

ते माहितीपत्रक अजून माझ्याजवळ आहे. आठ पानांचं, गुळगुळीत कागदाचं. पहिल्या पानावर एक टोमॅटो आहे, त्याच्यावर पाण्याचे थेंब आहेत आणि त्याच्या मागून सूर्य उगवतो आहे. टोमॅटोच्या मागून सूर्य उगवताना मी आजवर पाहिलेला नाही, पण तेव्हा ते चित्र मला इतकं आवडलं की त्याची एक प्रत मी होस्टेलच्या भिंतीवर चिकटवली होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी इतरांबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटायला नको की मी त्या वेळी शहाणा होतो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळचं नाव रोज पेपरात यायचं. त्यामुळे घाटंजीच्या रस्त्यावरून आत वळावं लागणाऱ्या आमच्या गावात, जिथे एसटी दिवसातून दोनदाच यायची, तिथे पांढऱ्या गाड्या यायला लागल्या. गाडीतून माणसं उतरायची, आमच्याकडे बघून मान हलवायची आणि काहीतरी सुचवून जायची. एकाने शेळ्या सुचवल्या. एकाने मधमाश्या. एका बाईंनी सगळ्यांना रोज सकाळी दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. कापसाबद्दल मात्र त्यांच्यापैकी कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. कापूस हा जणू आमचा एखादा वाईट नातेवाईक होता आणि पाहुण्यांसमोर त्याचं नाव काढायचं नव्हतं.

टोमॅटो आणला तो आमच्या कॉलेजच्या एका सरांनी. मी दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि कॉलेजात काय करायचं असतं हे मला अजून नीट समजलेलं नव्हतं. इतर मुलं सरांशी मोकळेपणाने बोलायची. मी सर बोलले की 'हो सर' म्हणायचो. सरांची एक संस्था होती. संस्था म्हणजे एक पाटी, एक गाडी आणि एक शिक्का. एक दिवस त्यांनी मला बोलावून विचारलं, "तू घाटंजीकडचा ना? वावर आहे का?"

"हो सर. विहीर पण आहे."

"मग तूच बोलशील," सर म्हणाले. "गावकऱ्यांना आपल्यातला माणूस बोलला की पटतं." आणि त्यांनी ते माहितीपत्रक माझ्या हातात दिलं.

मी चार दिवस पाठ केलं. दुसरं आणि तिसरं पान आरोग्याचं होतं: टोमॅटोत क जीवनसत्त्व असतं, अ जीवनसत्त्व असतं, लायकोपिन नावाचं लाल द्रव्य असतं, ते हृदयाला चांगलं, डोळ्यांना चांगलं, त्वचेला चांगलं. चौथं आणि पाचवं पान पैशाचं होतं: सॉस, पल्प, सूप, निर्यात. सहाव्या पानावर चित्र नव्हतं. बारीक अक्षरांत काहीतरी होतं. भाषणाला ते लागणार नव्हतं, म्हणून मी ते पान उलटलं.

सभा श्रावणात झाली, आमच्या समाजमंदिरात. बाया निंदणातून थेट आल्या होत्या, हातांना माती तशीच. सरांनी सोबत एक आहारतज्ज्ञ बाई आणल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रोज एक टोमॅटो कच्चा खाल्ला तर त्वचेला तेज येतं."

मागून आमच्या गल्लीतली काकू बोलली. "तेज आलं तं दाखवाव कोनाले वो बाई? पऱ्हाटीले?"

बाया हसल्या. तज्ज्ञ बाई हसल्या नाहीत. "आजी, आरोग्य हे स्वतःसाठी असतं," त्या म्हणाल्या. काकू तेव्हा पंचेचाळिशीचीही नव्हती. ती मग बराच वेळ पदर दातात धरून बसली.

मग मी उभा राहिलो. मी जे बोललो त्यात खोटं काही नव्हतं, आणि हेच मला आज जास्त लागतं. ज्या बायांना मी टोमॅटो खा म्हणून सांगत होतो, त्या लहानपणापासून तेच खात आल्या होत्या. आमच्याकडे त्याला भेदरं म्हणतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमध्ये कुठेतरी भेदऱ्याची चार झाडं असायचीच, आणि वेचायला आलेल्या बाईने दुपारच्या भाकरीपुरती तोडली तर वावरवाला बोलत नसे. निखाऱ्यावर भाजायची, हिरवी मिरची आणि मीठ घालून रगडायची, झालं. मला स्वतःला तसंच वाढवलेलं होतं. आणि मी तिथे उभा राहून, इस्त्रीचा शर्ट घालून, त्यांना लायकोपिन समजावून सांगत होतो. काकू मध्येच म्हणाली, "बाप्पा, पोट्टा काय बोलून राह्यला!" मला ते कौतुक वाटलं.

शेवटी सर बोलले. पांढरं सोनं संपलं, आता लाल सोनं, असं काहीसं. यवतमाळला लागून लोहाऱ्याला सॉसचा कारखाना येणार आहे असंही ते म्हणाले. कारखाना कुणाचा, कधी, हे कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच. मी टाळ्या वाजवल्या.

आता माझ्या मायबद्दल सांगायला हवं, कारण नुकसान व्हायचं होतं ते तिचं.

माय टोळी घेऊन वेचायला जायची. ती आणि काकू धरून नऊ बाया. वेचणीच्या दिवसांत कुणाच्या वावरात जायचं, कधी जायचं, कुणाला नाही म्हणायचं, हे माय ठरवायची आणि बाकीच्या आठ जणी तिच्या शब्दावर निघायच्या. हा काही कागदावरचा हुद्दा नव्हता. एखाद्या बाईच्या सांगण्यावर टोळी दोनदा वाया गेली की तिसऱ्या दिवशी बाया दुसरीच्या दारात उभ्या राहायच्या, आणि आधीची त्यांच्या मागून चालायची. मायच्या बाबतीत ते कधी झालं नव्हतं. गावात तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

सभेनंतर तिने मला विचारलं, "हे जमते का बाबू?"

मी माहितीपत्रक दाखवलं. "सगळं लिहिलेलं आहे, माय."

तिला वाचता येत नव्हतं. तिने ते हातात घेतलं, सूर्य आणि टोमॅटो बघितला आणि परत दिलं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "तुह्या मायले विचार." विहिरीजवळचा अर्धा एकर टोमॅटोला गेला. रोपं संस्थेने दिली. झाडांना आधाराला आम्ही मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या लावल्या. त्या मोडायच्या, पुन्हा लावायच्या. दिवाळीपर्यंत झाडं अशी लगडली की बाया वाट वाकडी करून बघायला यायच्या. सर एकदा येऊन गेले. त्यांनी मायच्या हातात टोमॅटो देऊन फोटो काढला. "हसा ताई," ते म्हणाले. मायला हसू येईना, तर ते म्हणाले, "शिकवायला हवं यांना." टोमॅटो त्यांनी तिथेच बांधावर ठेवला. खाल्ला नाही.

तोडणीच्या वेळी गावातल्या सगळ्यात मोठ्या वावरात कापसाचा दुसरा वेचा सुरू होता. टोळीला तिथलं बोलावणं होतं. मायने तीन दिवसांसाठी ते सोडलं. "माह्या पोरानं वाचलं हाय," ती बायांना म्हणाली. "कागदावर हाय सारं." एवढ्यावर आठ बाया आमच्या वावरात आल्या.

मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होतो. विहिरीच्या काठावर वही घेऊन बसलो होतो. सरांनी अहवाल लिहायला सांगितला होता आणि मी 'महिलांचा उत्स्फूर्त सहभाग' असं लिहीत होतो. जे घडलं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

आधी मायने सीतादही केलं. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेच्याआधी वावरात दही-भात ठेवून पूजा करतात, मगच पहिलं बोंड ओटीत पडतं. मायने ते टोमॅटोला केलं. पाच झाडांच्या बुडाशी दही-भात ठेवला, हळदी-कुंकू वाहिलं. मग बाया बसून राहिल्या, कारण झाडांवर दंव होतं आणि ओला कापूस कुणी वेचत नाही. ऊन चांगलं तापल्यावर त्या उठल्या, कमरेला ओट्या बांधल्या आणि ओळीला लागल्या. बोंड पुरतं फुटल्याशिवाय हात लावायचा नाही हे त्यांच्या बोटांत बसलेलं होतं. म्हणून अर्धवट रंगलेलं फळ एकीनेही तोडलं नाही. जे पूर्ण लाल, मऊ, तेच. एका तरुण बाईने एक गुलाबीसर तोडलं तर माय तिच्यावर ओरडली. "कच्चं कायले तोडतं वो? होऊ दे नं लाल!" ओट्या भरल्या की त्या कापसाच्या बोऱ्यांत रिकाम्या केल्या. बोरा अर्धा झाला की काकूने सवयीने त्याला वरून दोन्ही हातांनी दाबलं. मग स्वतःच म्हणाली, "अग माय, हे तं रडून राह्यले!" सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि वहीत मान घातली.

संस्थेची गाडी संध्याकाळी येणार होती. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी बोऱ्यांसोबत यवतमाळच्या भाजी बाजारात गेलो. उतरलो तेव्हा गाडीचा तळ लाल झाला होता आणि माश्या माझ्या शर्टावरही बसत होत्या.

ज्या दुकानाचं नाव दिलं होतं तिथे एक म्हातारे मुसलमान व्यापारी होते. भाजीचा धंदा त्यांच्या घरात फार आधीपासूनचा असावा. त्यांनी बोऱ्याला बाहेरूनच बोट लावलं, बोटाचा वास घेऊन ते पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दुपारी तोडले?"

"हो."

"पूरे लाल होऊ देले?"

"हो."

"अन् बोऱ्यात दाबले." हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. "कपासवाले हाय तुमी लोकं."

शेजारच्या दुकानातला माणूस म्हणाला, "चाचा, सरकी काढून घ्या." तिथले सगळे हसले.

चाचा हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या क्रेटमधून एक टोमॅटो काढून माझ्यापुढे धरला. घट्ट, हिरवट, फक्त बुडाला अंगठ्याच्या नखाएवढा गुलाबी. "हे पाह्य बेटा. इतका रंग आला का तोडाचा. पहाटे, थंडा असताना. बाकी तो रस्त्यानं पिकते, माह्या दुकानात पिकते, गिऱ्हाइकाच्या घरी पिकते. तू घरूनच पिकवून आनशीन तं मी काय विकू, चटनी?" मग त्यांनी विचारलं, "शिकते का तू?"

"हो. कॉलेजात."

"मंग?" ते म्हणाले.

बोरे त्यांनी घेतले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही घेतले नसते. गाडी बोरे परत गावात टाकायला गेली; मी सरांना फोन करायला मागे राहिलो.

एसटी स्टँडवर बसून मी माहितीपत्रक काढलं आणि पहिल्यांदा सहावं पान वाचलं. तोडणीबद्दल चार ओळी होत्या. फळाच्या टोकाला गुलाबी छटा येताच तोडावे. पहाटे तोडावे. पोत्यात भरू नये, टोपल्यांत किंवा क्रेटमध्ये थर लावावेत. त्याच दिवशी बाजारात पोचवावे. चाचांनी जे एका बोटाने दाखवलं होतं ते सगळं माझ्या खिशात श्रावणापासून होतं.

मी फोनच्या बूथवरून सरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. "पान सहावर दिलं होतं ना," ते म्हणाले. "वाचायला नको? असो. या बायकांची मानसिकता बदलायला वेळ लागतो." गाडी एक दिवस उशिरा का आली हे मी विचारणार होतो. बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून 'हो सर' निघालं. मला स्वतःचा जेवढा तिटकारा त्या दोन शब्दांनी आला तेवढा दुसऱ्या कशाने आला नाही.

घरी पोचलो तर बाया अंगणातच होत्या. बोरे माझ्याआधीच परत येऊन पडले होते, आणि उरलेलं माझ्या शर्टावरून कळत होतं. कोणत्या चुका झाल्या ते मी सांगितलं: दुपार, लाल, बोरे. चार ओळींचं सांगितलं नाही.

काकू म्हणाली, "अन् त्या मोठ्या वावरात कालपासून दुसऱ्याच बाया लागल्या. आमी इकडं भेदरं दाबत बसलो. तुह्या पोरानं वाचलं होतं नं वो?"

माय म्हणाली, "त्यानं बराबर वाचलं. माह्या आयकन्यात चूक झाली. मीच म्हनलं लाल होऊ द्या."

मी दारात उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या शिक्षणावर कुणी बोट ठेवू नये म्हणून तिने आपला शब्द खाली ठेवला होता, आणि मी तो उचलला नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्या सातही बाया काकूच्या मागे वेचायला गेल्या. माय गेली नाही. तिने अंगणात बसून फुटक्या टोमॅटोंतले बरे वेगळे काढले आणि गल्लीत घरोघर वाटले. त्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या पोटात जेवढं लायकोपिन गेलं तेवढं पाचव्या पानावरच्या निर्यातीतही गेलं नसेल. तेज कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

चार दिवसांनी सर 'आढावा सभे'ला आले. काही कागदांवर अंगठे लागणार होते, म्हणून बायांना निरोप होता. त्या संध्याकाळी वेचून परतताना तशाच आल्या. माय सगळ्यात मागे, भिंतीला टेकून बसली. तिची जागा पुढे असायची. सरांनी मला टाईप केलेला अहवाल दिला. "वाच," ते म्हणाले. "तुझ्या तोंडून आलं की यांना लागणार नाही."

मी वाचायला सुरुवात केली. पहिला परिच्छेद टोमॅटोच्या गुणांचाच होता. दुसऱ्यात होतं: 'महिला मजुरांचे अज्ञान, दही-भातासारख्या अंधश्रद्धा व शास्त्रीय सूचनांकडे केलेले दुर्लक्ष यांमुळे मालाचे नुकसान झाले.' मी 'महिला मजुरांचे' पर्यंत आलो आणि थांबलो. मी धीट नाही. काही ठरवून मी आलो नव्हतो. पण पुढचा शब्द तोंडातून येईना. मग मी खिशातून माहितीपत्रक काढलं आणि सहावं पान मोठ्याने वाचलं. चारही ओळी.

"हे माझ्याजवळ श्रावणापासून होतं," मी म्हणालो. "मी वाचलं नाही. कोणाले सांगितलं नाही. मायनं जे आयकलं ते बराबर आयकलं. मीच सांगितलं नवतं."

मग काकू म्हणाली, "किती ओळी हाय म्हनला?"

"चार."

"अन् ते तेज येते ते? ते किती होतं?"

"दोन पानं," मी म्हणालो.

बाया अशा हसल्या की बाहेरची पोरं आत डोकावली. काकूने हसता हसता डोळे पुसले आणि सरांना म्हणाली, "जी सायेब, पुढच्या खेपेले तेज चार ओळी लिवा अन् तोडाचं दोन पानं लिवा." सर म्हणाले की ही वैयक्तिक चूक आहे, संस्थेचा याच्याशी संबंध नाही, आणि आता उशीर झाला आहे. अंगठे न घेताच त्यांनी कागद पिशवीत घातले. गाडीत बसताना ते मला म्हणाले, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्यांची माझ्याकडून काय अपेक्षा होती ते मला कधीच नीट समजलं नाही. पुढच्या वर्षी केळापूरकडच्या गावांत तेच माहितीपत्रक वाटलं गेलं. शेवटच्या पानावर मायचा न हसणारा फोटो होता. सहावं पान तितकंच बारीक होतं.

गाडी गेल्यावर बाया पायरीवर रेंगाळल्या. काकूने मायकडे न बघता विचारलं, "झाडाले अजून हायेत का वो?"

"हायेत नं. मस्त हायेत," माय म्हणाली.

"मंग कवा यायचं?"

मी बोलायला लागलो, "पहाटे, दंव असतानाच—"

"तू थांब," माय म्हणाली. "त्या दुकानदारानं दाखवलं ते कुठलोक गुलाबी होतं?"

मी अंगठ्याचं नख दाखवलं. तिने माझा अंगठा धरून, फिरवून नीट बघितला. इतक्या दिवसांत तिने मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मग ती बायांकडे वळली. "इतकंच. याच्यावर नाई होऊ द्याचं. अन् ओट्या नोका बांधू, टोपले आना. दंव असतानाच या. माल मी सोता घेऊन जातो, सकाळच्या यष्टीनं."

"अन् दही-भात?" काकूने विचारलं.

"तो झाला नं. तो का दोनदा करा लागते?"

दुसऱ्या दिवशी अजून धड उजाडलं नव्हतं तेव्हा बाया आल्या. आठही. काकू सगळ्यात शेवटी, डोक्यावर टोपलं. झाडं दंवाने निथळत होती आणि ओल्यात हात घालायला कुणीच आधी धजेना. मायने पदर खोचला, पहिलं फळ हातात घेतलं, माझ्या अंगठ्याची आठवण करत बुडाकडून फिरवून पाहिलं आणि तोडलं. मग बाकीच्या ओळीला लागल्या. मी वाटेतच उभा होतो, वही नसलेला.

"वाट सोडा, मास्तर," काकू म्हणाली. "नाई तं एक टोपलं घे अन् कामाले लाग."

मी टोपलं घेतलं.